तापट मोटार

वडिलांची १९६४ सालची मोटार मी हौसेने सांभाळली आहे. सकाळी गार असताना एका हाकेला ओ देई. पण घाट चढून खंडाळ्याला चहाला थांबलो, की स्टार्टर कण्हून गप्प! अर्धा तास बॉनेट उघडे ठेवावे, तेव्हा स्वारी राजी.

एकदा मे महिन्यात तिथेच अडकलो. आत नातू तापाने फणफणलेला, बाहेर इंजिन तापलेले. सौभाग्यवतींनी निर्वाणीचे बजावले, "आता ही विकून टाका!"

एका गॅरेजात नवा स्टार्टर बसवला. खिसा हलका झाला, दुखणे तसेच. शेवटी एक म्हातारे मिस्त्री भेटले. "साहेब, वीज कुठे अडते ते आधी पाहू." गाडी तापवून त्यांनी व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाला लावली. मी स्टार्टर दाबला. काटा दोन व्होल्टांवर! तो अर्ध्याच्या आत हवा. बारांतले दोन व्होल्ट वाटेतच गळत होते. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली होती!

तांबे तापले की त्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ६० अंशांनी तापले तर जवळजवळ पावपट. गारव्यात कसाबसा निभाव लागे, उष्णतेत नाही.

पट्टी बदलली, टोके घासली. आता खंडाळ्याला चहा निवांत होतो, अन् विक्रीचा विषय निघत नाही. जुना स्टार्टर मात्र मी माळ्यावर जपला आहे. बिचारा निर्दोष होता!