दातांवरच्या थरातली बुरशी

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, तो नुसता जिवाणूंचा नसतो. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही अनेकदा असते, एरवी काही त्रास देत नाही. गुळगुळीत दाताला एकटीने चिकटणं तिला अवघडच जातं. पण दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू सोबतीला असला आणि वर साखर मिळाली की चित्र पालटतं. हा जिवाणू एक एन्झाइम बाहेर सोडतो. ते बुरशीच्या पेशीभिंतीवर जाऊन बसतं आणि साखरेपासून तिथेच चिकट ग्लुकन बनवतं. त्यात दोघेही रुततात, थर जाड होतो, आत आम्ल साचतं आणि लाळ तिथवर नीट पोचत नाही. लहान मुलांचे दुधाचे दात झपाट्याने किडतात, तेव्हा ही जोडी वारंवार सापडते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

कवळीचं थोडं वेगळं. अ‍ॅक्रिलिकच्या बारीक खाचांत बुरशी ठाण मांडते आणि कवळीखालचा टाळू लाल होतो. रात्री कवळी काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी.