दमा : रोजचा पंप आणि गरजेचा पंप

कोल्हापूरनजीक जोतिबा डोंगरावर चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गुलालाची मोठी उधळण होते. हवेतील अशी भुकटी दमेकऱ्यांना त्रासदायक ठरू शकते. परंतु दम्याचे मूळ श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहात असते. सालब्युटामॉलचा पंप आकसलेल्या नलिका काही तास मोकळ्या करतो, दाह मात्र शमवत नाही. म्हणून प्रौढांनी व १२ वर्षांवरील मुलांनी केवळ त्यावर विसंबू नये, असे ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये सांगितले.

सतत राहणाऱ्या दम्यावर दोन प्रमुख पद्धती आहेत : रोज स्टिरॉइडयुक्त पंप व धाप लागल्यास सालब्युटामॉल, किंवा ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजही व गरजेलाही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक जादा मात्रेसोबत दाहशामक औषध पोहोचते व तीव्र झटके कमी होतात. निवड डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. बरे वाटताच पंप परस्पर बंद करू नये.