सुरकुत्यांचा बाजार

परवा कळंबच्या कोर्टातून घरी आलो, तर शेजारच्या मावशी कोलॅजेनचा डबा घेऊन आल्या. "वकीलसाहेब, ह्यानं सुरकुत्या जातात का वो?" कित्येक दिवसांची मजुरी त्या डब्यात गेली होती.

कोलॅजेन हे प्रथिन. पोटात गेले की इतर प्रथिनांसारखेच त्याचेही तुकडे होतात; ते थेट गालावर जाऊन बसत नाही. काही चाचण्यांत थोडा फरक दिसला, पण त्यांतल्या अनेक चाचण्यांना पैसा कंपन्यांचाच! कातडी लवकर सुरकुतते ती उन्हाने आणि धूम्रपानाने. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला सावली कोणी देत नाही, डबा मात्र विकतात.

कायदा काय सांगतो? औषध नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे'मध्ये अकाली वार्धक्य आहे. ते बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. पूरक आहार मात्र 'अन्न' ठरतो, हीच पळवाट. तरीही अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

बंधू-भगिनींनो, पावती जपा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मावशींच्या सुरकुत्या कष्टाच्या आहेत. लाज वाटायला हवी ती फसवणाऱ्यांना.