खोगिराखालची गादी

डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं, तेव्हापासून घोडेस्वारी आपल्या गावाच्या ओळखीची आहे. आता मुलीही हौसेने शिकतात. आमची लेक एका वर्गाला जाऊ लागली आणि एके दिवशी खोगिराखालची गादी, तिच्या भाषेत ‘पॅड’, घामट वासासकट माझ्या मोरीत येऊन पडली!

मी आपली मूठभर पावडर जास्तच टाकली, खसाखसा घासली, एकदा खळबळली. झाली की हो शुभ्र! पण चार दिवसांनी लेक रडवेली होऊन घरी आली. घोड्याच्या पाठीवर पुरळ उठलं होतं. मोतद्दारकाकांनी पॅड ओलं करून माझ्यासमोर चोळलं, तर फेस! म्हणाले, “ताई, साबण राहिला की घामाबरोबर पाठीला झोंबतो. मुकं जनावर सांगणार कुणाला?”

तेव्हापासून शिकले ते असं :

• रपेट झाली की पॅड उलटं करून वाऱ्यावर टाका. वाळल्यावर कडक ब्रशाने केस झाडा. घामाचं मीठ नि केसांचे गोळे खोगिराखाली आवळले की पाठ सोलवटते. न झाडता धुतलंत तर मोरी तुंबलीच!

• सुती पॅड कोमट पाण्यात, अगदी थोड्या सौम्य साबणाने धुवा. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदला. ब्लीच आणि सुगंधी द्रव नकोत.

• लोकरी पॅड किंवा नमदा रिठ्याच्या गार पाण्यात नुसता दाबून धुवा. पिळू नका, सावलीत आडवा वाळवा. गरम पाण्यात तो आटतो.

• पावसाळ्यात जाड पॅड लवकर वाळत नाही. दोन ठेवा, आलटून पालटून वापरा. दमट पॅड घोड्यावर घालू नये.

• प्रत्येक घोड्याचं पॅड वेगळं असावं. गजकर्ण एकाचं दुसऱ्याला होतं, माणसालाही! पाठीवर केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर पशुवैद्यांना दाखवा.

आपण निरुपयोगी भरीला ‘खोगीरभरती’ म्हणून मोकळ्या होतो. पण त्या भरतीखाली एक जिवंत पाठ असते. पाठ बरी होईपर्यंत लेक त्या घोड्यावर बसली नाही. रोज जाऊन हलक्या हाताने खरारा मात्र करून आली. आणि पॅड? ते आता तीच धुते, शेवटचं पाणी मला दाखवून!