कॉम्प्युटर सुरू होईना, म्हणजे हिशेब गेला असं नाही

कर्जत-खालापूरकडच्या गटांच्या बैठकीत आता वहीच्या शेजारी लॅपटॉप दिसतो. ग्रामसंघाचा हिशेब, कर्जफेडीच्या नोंदी, पापडाच्या ऑर्डरी, सगळं त्यात. मग कोणीतरी हौसेने त्याची सुरुवात बदलायला जातं. मशीन लावताना गटाचा फोटो दिसावा, नाहीतर आधी येणारी ती यादी दिसू नये. दुसऱ्या दिवशी स्क्रीन काळी! दुकानात नेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "फॉर्मॅट मारावं लागेल." आम्ही सांगतो, तिथे जरा थांबा. फॉर्मॅट मारलं तर नोंदी पुसल्या जातात, आणि नुसती सुरुवात बिघडली असेल तर त्याची गरज सहसा नसते.

बटण दाबल्यावर आधी बोर्डावरच्या चिपमधला लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवरचा दुसरा छोटा प्रोग्रॅम शोधतो. हा दुसरा प्रोग्रॅम विंडोज किंवा लिनक्स चालू करून देतो आणि बाजूला होतो. कर्जत स्टेशनात पुण्याकडच्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात ना, तसंच हे. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ. तो चढून झाला की बँकरचं काम संपलं. बँकर लागलं नाही तर गाडी कर्जतलाच उभी राहील, पण डब्यातली बोचकी जागच्या जागी असतात. तुमचे हिशेब म्हणजे ती बोचकी.

लिनक्सवर, म्हणजे उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकने बनवलेल्या बॉसवर, या बँकरचं नाव ग्रब. त्याची एक सेटिंगची फाइल असते. त्या फाइलवरून 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा सुरुवातीची यादी तयार करते. गोंधळ होतो तो कोणी ही तयार यादीच हाताने खोडली, किंवा थांबायची वेळ शून्य करून यादी लपवली, की. अशा वेळी मशीन लावताना शिफ्टचं बटण दाबून धरा. नव्या मशीनवर एस्केप दाबा. यादी दिसली की हव्या त्या ओळीवर येऊन 'ई' दाबा. तिथे केलेला बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, डिस्कवर लिहिला जात नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. चुकीचा शब्द काढा, एफ-१० दाबा. आत शिरल्यावर मात्र सेटिंगची फाइल पहिल्यासारखी करून 'अपडेट-ग्रब' चालवायलाच हवं, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब रेस्क्यू' आलं, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू करा. 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नको. आतली डिस्क कपाटासारखी उघडते. आधी हिशेब दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ग्रब पुन्हा बसवणं त्यानंतर, आणि ते जाणत्याकडून. डिस्कच टकटक आवाज करत असेल तर दुखणं वेगळं आहे. मशीन बंद ठेवा, पुन्हा पुन्हा लावून पाहू नका.

विंडोज दोन-तीनदा सुरू व्हायला अडलं की सहसा स्वतःच दुरुस्तीची स्क्रीन दाखवतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप रिपेअर'. जवळच 'रीसेट' असतं, त्याला इतक्यात हात लावू नका. काही नवे लॅपटॉप इथे ४८ अंकी किल्ली मागतात. ज्याच्या ईमेलवर लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, बहुतेक त्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ती असते. पुष्कळदा तो ईमेल कोणाच्या तरी मुलाचा निघतो, आणि मुलगा कामाला पनवेलला! तो कोणाचा आहे, हे येत्या बैठकीत विचारून ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.