पहिली छोटी ट्रायथलॉन : आधी पाण्याची भीती घालवू या

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, तेही सलग. छोट्या म्हणजे स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किमी सायकल, ५ किमी धावणे असते. महागडी सायकल लागतेच असे नाही.

आपण घाबरतो ते पाण्याला, आणि ते बरोबरच. कोल्हापूरच्या राजाराम तलावासारख्या खुल्या पाण्यात धरायला भिंत नसते, तळ दिसत नाही. म्हणून टँकमध्ये न थांबता ७५० मीटर जमल्याशिवाय नाव नोंदवू नये. तलावात एकट्याने कधीच उतरू नये.

आठवड्यातून एकदा फजरनंतर सायकल मारून लगेच धावावे. जड पायांची सवय होते. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरची सायकल काढायची नाही, तो नियमच आहे.

नंबर नंतर बघू. पहिली स्पर्धा सुखरूप पूर्ण करू, इन्शाअल्लाह.