दिवा बाजूला ठेवा, पार्टोग्राफ काढा

लातूर-नांदेडच्या पोरींना परीक्षा कशी द्यायची हे कुणी शिकवायला नको. चारांतला बरोबर गोल काळा करण्याचं शास्त्रच इथे घडलं, त्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर नाव मिळालं. पण बी.एस्सी. नर्सिंग करून दोन-तीन वर्षं लेबर रूममध्ये काढलेली इथलीच एखादी सिस्टर मिडवाइफरीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज उघडते तेव्हा वेगळंच होतं. गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, इंग्रजीची परीक्षा, सगळं ती जमवते आणि ‘हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?’ या एका रकान्यापाशी अडते. याची उत्तरसूची कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. मग सीनियरचा जुना निबंध येतो, नाहीतर पैसे घेऊन लिहून देणारा कुणीतरी भेटतो. हल्ली फोनच लिहून देतो. तिन्हींतून एकच निबंध बाहेर पडतो: लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ, फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा आणि शेवटी ‘माझ्या देशातल्या माता’.

निवड समितीने हा दिवा इतक्या वेळा पाहिलेला असतो की तो आता उजेड देत नाही.

आधी हा निबंध कोण वाचणार ते ठरवा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या 75 जागा असतात आणि तिथे भर विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीवर, उत्पन्नाच्या दाखल्यावर, बिनशर्त प्रवेशपत्रावर असतो. म्हणजे निबंध सरकारसाठी नव्हे, प्रवेश देणाऱ्या विद्यापीठासाठी लिहायचा. ब्रिटनच्या चेव्हनिंगची गोष्ट उलटी. तिथे निबंधावरच बरंच काही ठरतं. 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमधलं शिक्षण आणि पुढची वाट असे चार प्रश्न असतात, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. एक खाचखळगा दोन्हीकडे आहे. ब्रिटनमधले काही मिडवाइफरीचे एम.एस्सी. तिथली नोंदणी मिळवून देणारे असतात, तर काही संशोधनाचे. आपण कशाला अर्ज करतोय हे माहीत नसलेला निबंध दुसऱ्याच परिच्छेदात उघडा पडतो.

अशा अर्जाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेत उतरल्या आणि त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. वय अठरा, शाळेचं शिक्षण तुटक. आपली तयारी कॉलेजच्या अटींना कदाचित पुरी पडणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. उलट, स्नेही आणि जात यांचा विरोध पत्करून जो निश्चय इथवर घेऊन आला तोही जमेस धरा, असं त्या म्हणाल्या. पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांचं दुखणं हे त्यांनी येण्याचं कारण दिलं. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. 1886 मध्ये त्यांनी पदवीचा प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. मला या पत्रात आवडतो तो त्याचा हिशेबीपणा. माझ्याकडे काय नाही, काय आहे आणि मी नेमकी कशासाठी आले, एवढंच त्यात आहे. सेवाभावावर प्रवचन नाही.

आता आपल्या सिस्टरकडे काय आहे ते पाहू. बहुतेक जणी सुरुवात आकड्याने करतात: भारतात मातामृत्यू फार. वाचणाऱ्याला ठाऊक असतं की 2018-20 च्या नमुना नोंदणीत देशाचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 97 होतं आणि महाराष्ट्राचं 33. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, 25.4 टक्के सिझेरियनने. म्हणजे ‘बायका दवाखान्यात येत नाहीत’ हे वाक्य इथे फारसं खरं उरलेलं नाही. त्या येतात. आल्यावर काय होतं, हा आजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर लेबर रूममध्ये रात्रपाळी करणारीला जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं.

समजा, मुखेडकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर लिहिते, ‘मी अनेक गुंतागुंतीच्या प्रसूती यशस्वीपणे हाताळल्या.’ हे कुणीही लिहील. तिलाच चहा पाजून, पार्टोग्राफ म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता समोर ठेवून, तोंडी सांगायला लावा. ती म्हणेल: ‘बाळ रात्री दोनला झालं, मी लगेच ऑक्सिटोसिन दिलं, वारही पूर्ण पडली. पंधरा मिनिटांनी पाहते तर अंगावरून जास्त जायलंय. किती गेलं म्हणून डॉक्टरांनी फोनवर विचारलं, मी म्हटलं, कपडा पूर्ण भिजलाय. पण भिजलाय म्हणजे किती, हे मला सांगता येईना.’ निबंध इथे सुरू होतो. प्रसूतीनंतर 500 मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं की धोक्याची घंटा. पण डोळ्यांनी अंदाज घेणारी माणसं तो कमीच धरतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासाने 2023 मध्ये दाखवलं की मोजमापाच्या खुणा असलेली पिशवी बाळंतिणीखाली लावली आणि ठरलेले उपचार एकदमच सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे घातक परिणाम 60 टक्क्यांनी कमी होतात. भिजलेल्या कपड्यापासून या अभ्यासापर्यंत जिचा निबंध पोचतो, तिने ‘हाच अभ्यासक्रम का’ हे वेगळं सांगायला नको.

प्रत्येकीचा प्रश्न रक्तस्रावाचाच असेल असं नाही. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आणि आदिलाबाद त्याहून कितीतरी जवळ. मग रेफर करताना 108 कुठे न्यायची, हा प्रश्नच आहे. कुणी गोरमाटीत चार शब्द बोलून कळा देणारीचा धीर टिकवलेला असतो, कुणी धर्माबादकडे तेलुगूत. या गोष्टी बायोडेटात कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. ऊसतोडीला गेलेली बाई आठव्या महिन्यात परत येते आणि तिच्या तपासण्यांचे कागद कारखान्याच्या कोपीत राहिलेले असतात. ज्या सिस्टरने यावर एखादी साधी वही सुरू केली असेल, तिने ती वहीच लिहावी. ‘नेतृत्व’ म्हणतात ते हेच. महिला मंडळाचं अध्यक्षपद नसलं तरी चालेल.

पथ्यं मात्र पाळावीत. बाईचं नाव, गाव, तारीख निबंधात येऊ नये. वय आणि कितवं बाळंतपण एवढं पुरतं. आणि उसनं दुःख घेऊ नये. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात होते. तेव्हा तिथे ड्यूटीवर असाल तर आपल्या हातून काय झालं, काय होऊ शकलं नाही, तेवढं लिहा. नसाल तर तो प्रसंग निबंधाला वजन यावं म्हणून ओढून आणू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावर येईल.

सगळ्यात कच्चा भाग बहुधा ‘परत येऊन काय करणार’ हा असतो. ‘मराठवाड्यातल्या महिलांची सेवा’ ही योजना होत नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा 18 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि मिडवाइफच्या नेतृत्वाखालचे प्रसूती कक्ष त्यातून आले. शेजारच्या तेलंगणाने 2017 मध्येच हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेबरोबर परिचारिकांमधून मिडवाइफ घडवायला घेतल्या होत्या. त्या मिडवाइफना शिकवायला शिक्षिका लागतात, कक्ष चालवायला प्रमुख लागतात. मी परत येऊन अमुक जिल्ह्यात अशा कक्षाची प्रशिक्षिका होईन, पहिल्या वर्षी रक्तस्राव मोजण्याचं प्रशिक्षण तीन ग्रामीण रुग्णालयांत देईन, असं लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. सरकारी नोकरीत असाल तर अध्ययन रजेचं काय, हेही एका ओळीत लिहा. अधिपरिचारिकेची बदली लेबर रूममधून ऑर्थोपेडिकला होऊ शकते, हे निवड समितीलाही कळतं. त्यावरचं तुमचं उत्तर तिला हवं असतं.

भाषेची भीती अनेकींना खाते. आधी मराठीत, जसं बोलता तसं, फोनवर रेकॉर्ड करा. मग इंग्रजीत उतरवा. छोटी वाक्यं, साधी क्रियापदं. ‘पॅशनेट’ हा शब्द एकदाही आला नाही तर बरं. व्याकरण तपासायला कुणाची मदत घ्या, पण ज्या वाक्यात तुमची रात्रपाळी नाही ते ठेवू नका.

शिफारसपत्रं शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये खुले होतात, त्याआधीच परिसेविकेला आणि कॉलेजच्या मॅडमना गाठा. त्यांच्याकडे ड्यूटी तक्त्यापलीकडे वेळ नसतो. मग त्या ‘कामसू आणि नम्र’ एवढं लिहून सही करतात. त्यांच्या हातात एक पान द्या: कोणत्या वर्षी कोणत्या वॉर्डात होता, काय सुरू केलंत, निबंधात कोणता प्रसंग घेतलाय. त्या प्रसंगाच्या रात्री त्या स्वतः वॉर्डात असतील तर उत्तमच. त्यांना आठवतं तसं त्यांच्याच शब्दांत लिहू द्या.